रिकाम्या डब्याचा पुरावा

टक्क.

गोगीनं चमचा ताटलीच्या काठावर ठेवला, तेवढाच आवाज.  नवऱ्यानं मला कोडं घातलं होतं आणि मी घास हातात धरून ते सोडवत बसले होते. सगळे डॉक्टर हात धुतात. हा माणूस हात धुतो. म्हणून हा माणूस डॉक्टर आहे. बरोबर की चूक?

"पाळणाघरात ना," गोगी म्हणाली, "ओकलेलं परत खावं लागतं."

"शी!" मी म्हटलं. "जेवताना असलं बोलतात का?"

नवरा मात्र हसला. "थांब थांब, बोलू दे तिला. साक्षीदार स्वतःहून पुढे आलाय."

गोगी म्हणजे गोगलगाय. पाच वर्षांची आमची लेक. एक पोळी खायला ती इतका वेळ लावायची की तेवढ्यात दुसऱ्या घरी स्वयंपाक होऊन ओटासुद्धा पुसून झालेला असायचा. त्यावरून तिच्या बाबानं ते नाव ठेवलं आणि तेच चिकटलं. खरं नाव आता फक्त शाळेपुरतं उरलंय.

बाबा विमा कंपनीत आहे. ठोकलेल्या गाड्या बघायच्या आणि मालक सांगतोय तशीच ती ठोकली गेली का, हे तपासायचं, हे त्याचं काम. त्यांच्या ऑफिसनं कर्मचाऱ्यांसाठी तर्कशास्त्राचा वर्ग सुरू केला होता. दर शनिवारी एक निवृत्त प्राध्यापक यायचे, आणि ते जे काही शिकवतील ते संध्याकाळी नवरा गरमागरम घरी घेऊन यायचा. मी चष्म्याच्या दुकानात नंबर तपासते. कॉलेज अर्ध्यावर सुटलेलं. मला हे सगळं नवीन होतं आणि मला त्याची चटकच लागली. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, हे लहानपणापासून ऐकत आलेले. त्यात एक अख्खा धडा दडलाय हे आत्ता कळत होतं. माणसाला नावं ठेवली म्हणून त्याचं म्हणणं खोटं पडत नाही. चार जण म्हणाले म्हणून खरंही ठरत नाही. भांडी घासताना आम्ही एकमेकांच्या बोलण्यातल्या चुका पकडायचो आणि जो पकडेल त्यानं दुसऱ्याच्या नाकाला साबणाचा फेस लावायचा. लग्नानंतर इतक्या गप्पा आम्ही पहिल्यांदाच मारत होतो. खरं सांगायचं तर मी नव्यानं नवऱ्याच्या प्रेमात पडत होते.

तर नवऱ्यानं खुर्ची पुढे ओढली.

"रोज खावं लागतं?"

"रोज."

"रविवारी पण?"

गोगीनं विचार केला. "हो."

"रविवारी पाळणाघर बंद असतं, बाईसाहेब." त्यानं माझ्याकडे बघून भुवई उडवली. "बरं, कोणाकोणाला खायला लावतात?"

"सगळ्यांना."

"सगळे ओकतात?"

"नाही."

"मग जे ओकतच नाहीत त्यांनी ओकलेलं कसं खायचं?"

गोगीनं पाण्याचा पेला जवळ ओढला. तो थांबला नाही. 

"आणि मागच्या आठवड्यात आपल्या बाथरूममध्ये घोडा आला होता, तो कोणी बघितला?"

"मी."

"केवढा होता?"

"बादलीएवढा." मग तिला त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असावं. मान खाली घालून ती म्हणाली, "मग नसेल तसं."

आणि तिनं चमचा उचलला आणि भराभर जेवायला लागली. आमची गोगलगाय. भराभर.

नवरा माझ्याकडे वळला. "बघितलंस? सात प्रश्न. सात प्रश्नांत दावा निकालात."

मी हसले. 

भांडी घासताना त्यानं माझ्या नाकाला फेस लावला. एरवी मी त्याच्या मागे धावले असते. त्या दिवशी मी तो पदरानं पुसला आणि कढई घासत राहिले. सिद्ध काय झालं होतं? गोगीला रोज आणि रविवार यांचा मेळ घालता येत नाही, हे झालं. सगळे आणि काही यांतला फरक कळत नाही, हेही झालं. ती घोडे बघते. पण घोडा बघणाऱ्या मुलीला कोणी ओकलेलं खायला लावू शकत नाही, असं कुठल्या शनिवारी शिकवलं होतं? माणसाला नावं ठेवून म्हणणं खोटं पडत नाही, हा धडा तर आमचा दुसऱ्याच आठवड्यात पाठ झाला होता. फक्त ते माणूस पाच वर्षांचं असलं तर काय, हे सरांनी सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलं नव्हतं.

त्यात मला एक गोष्ट माझ्या दुकानामुळे माहीत होती. तिथला माझा पहिला धडाच तो. गिऱ्हाइकाच्या डोळ्यापुढे काच बदलली की "आता छान दिसतंय ना?" असं विचारायचं नाही. तसं विचारलं की दहातले नऊ जण हो म्हणतात, विशेषतः म्हातारी माणसं. त्यांना दिसत काही नसतं, पण समोरच्या पोरीला वाईट वाटायला नको. म्हणून नुसतं विचारायचं, काय दिसतंय? आणि मग तोंड बंद ठेवायचं. तोंड बंद ठेवणं हेच अवघड.

दुसऱ्या दिवशी गोगीला आंघोळ घालताना मी तसंच केलं.

"पाळणाघरात जेवायला बसता तेव्हा काय काय होतं गं?"

ती तिच्या रबरी बदकाला मगनं पाणी घालत होती. आधी सतरंजी घालतात. मग हात धुतात. मग एक मुलगा शेंबडा आहे, त्याला वेगळं बसवतात. मग गाणं. हे सगळं ऐकून होईपर्यंत पाणी गार व्हायला आलं.

"मग?" मी म्हटलं.

"मग काकू माझ्याजवळ बसते. मग नाक धरते."

मी तोंड बंद ठेवलं.

"नाक धरलं ना, की तोंड आपोआप उघडतं. तुला माहितीये?" हे तिनं मला मोठं गुपित सांगावं तसं सांगितलं. "मग घास आत जातो. मग कधीकधी तो परत येतो. मग काकू चमच्यानं गोळा करते आणि परत देते. म्हणते, आपलंच आहे, आपल्याच पोटातलं, त्यात काय एवढं."

बदकाच्या डोक्यावर पाणी ओतून झालं. मग ती सहज म्हणाली, "ते गरम असतं. डब्यातलं गार असतं ना? पण ते गरम असतं."

 शिसारी म्हणजे काय हे मला तोवर माहीत नव्हतं. दुसऱ्यांच्या कानानाकाचा मळ लागलेले चष्मे मी रोज पुसते, त्यानं काही होत नाही. हे वेगळं होतं. घशापासून पोटापर्यंत कोणीतरी ओला बोळा फिरवावा तसं झालं. मी लेकीला टॉवेलात गुंडाळून उचललं आणि तिच्या ओल्या केसांत तोंड खुपसून बसले. तिला वाटलं खेळ चाललाय.

नवरा शर्टाला इस्त्री करत होता. मी त्याला शब्दन्‌शब्द सांगितलं. या वेळी तो हसला नाही. पण इस्त्रीही थांबवली नाही.

"गरम असतं," मी म्हटलं. "हे कोणी मनानं रचेल का? मोठं माणूससुद्धा रचणार नाही."

"घोडा बादलीएवढा होता हेही कोणी रचणार नाही."

"बस्स झाला तो घोडा!"

"अगं, चिडतेस कशाला? मी असं म्हणत नाहीये की ती खोटं बोलते. मी म्हणतोय आपल्याकडे एकच साक्ष आहे आणि विरुद्ध बाजूला काय काय आहे ते बघ. डबा रोज रिकामा येतो. तिचं वजन वाढलंय. ती पाळणाघरात जाताना रडत नाही. काकू इतकी वर्षं पोरं सांभाळतायत. शितावरून भाताची परीक्षा करायची म्हटलं, तरी शीत हातात तर हवं ना?"

"मग काय हवंय तुला? वाडग्यात भरून आणू?"

त्याचा चेहरा पडला. मला कळत होतं त्याचं. परिसरात दुसरं पाळणाघर नव्हतं. गोगीची जागा मिळायला आम्ही किती वाट बघितली होती. काकूंनी ती काढून घेतली तर माझं दुकान सुटणार, हे त्यालाही दिसत होतं आणि मलाही. फक्त दोघंही ते बोलत नव्हतो. दोघंही तर्क बोलत होतो.

पालकांचा ग्रुप होता मोबाईलवर. मी जपून विचारलं, मुलं जेवणाबद्दल काही सांगतात का? पाच मिनिटांत उत्तरं आली. "आमचा तर डबा चाटूनपुसून येतो!" "घरी चार घास खायला रडवतो, तिकडे सगळं फस्त! काकूंच्या हाताला जादू आहे." "काकू माझ्या सासूबाईंनापण शिकवा हो!" आणि हसरे चेहरे, हात जोडलेले, फुलं. मी ते पुन्हा वाचलं. जादू! जे मूल आईच्या हातून चार घास खात नाही ते परक्या बाईच्या हातून अख्खा डबा का खातं, हा प्रश्न कोणाला पडू नये? पण मला तरी कुठे पडला होता? रोज संध्याकाळी तो डबा उघडून, आतला लखलखीत तळ बघून मीच लेकीची पापी घेत होते.

"हे बघ," नवरा म्हणाला, "तू म्हणशील चार जण म्हणतात म्हणून खरं नाही. मान्य. मग तपासूनच बघू. सर म्हणतात तशी चाचणी लावायची. अशी, की आपण चुकत असलो तर आपल्याला ते कळलं पाहिजे."

आणि कल्पना मला सुचली. मलाच.

"डबा रोजच्या दुप्पट भरायचा," मी म्हटलं. "गोगीला तेवढं जाणं शक्यच नाही. उरलेलं परत आलं, तर काकू जबरदस्ती करत नाहीत. मी चुकले, माफी मागेन. पण डबा रिकामा आला, तर एक तर त्यांनी ते फेकलं, नाहीतर कोंबलं. फेकलं असेल तर विचारल्यावर सांगतील. आणि त्या म्हणाल्या की तिनंच खाल्लं, तर..."

"तर तिसरी वाट उरत नाही." नवऱ्यानं इस्त्री उभी केली. त्याचे डोळे चमकत होते. "काय डोकं आहे गं तुझं! सरांना सांगायला हवं."

त्यानं हात पुढे केला आणि मी टाळी दिली. ती टाळी आठवली की अजून मला माझ्या तळहाताची घाण वाटते.

सकाळी मी भात केला, वाटाणे उकडले, बटाटे, अंडी. मोठा डबा काढला. एरवी नवरा नेतो तो. पळीनं दाबून दाबून भरला. गोगी बाजूला उभी राहून बूट घालत होती.

"हा बाबाचा आहे?"

"नाही, तुझा."

"एवढा?"

"जाईल तेवढंच खा हं पिल्लू," मी म्हटलं, आणि झाकण लावायला मला डब्यावर कोपर टेकवावं लागलं.

दिवसभर मी दुकानात खुशीत होते. खोटं कशाला बोलू? एका आजोबांच्या डोळ्यापुढे काच बदलत होते आणि मनात सगळं पुन्हा मांडून बघत होते. कुठेच भोक दिसत नव्हतं. रिकामा आला तर हे, भरलेला आला तर ते. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी स्वतःच्या डोक्यानं इतकं घट्ट बांधलं होतं. आजोबा म्हणाले, "आज पोरगी हसतेय, म्हणजे माझे डोळे सुधारले वाटतं." मी म्हटलं, "आजोबा, कावळा आणि फांदी!" त्यांना काही कळलं नाही, पण तेही हसले.

पाळणाघराच्या दारात काकू उभ्या होत्या. नेहमीसारख्याच नीटनेटक्या, हातांना साबणाचा वास. मागच्या खोलीत फिनेलनं पुसलेली फरशी चकाकत होती. त्यांनी डबा माझ्या हातात दिला. हलका. मी तिथेच उघडला. एक शीत नव्हतं. आतून फडक्यानं पुसलेला.

"काकू, आज चुकून जास्त भरला गेला हो," मी ठरवल्याप्रमाणे म्हटलं. "उरलेलं टाकावं लागलं असेल?"

"टाकावं?" त्या खरोखर दुखावल्या. "अहो, माझ्याकडे टाकत नाही कोणी. खाऊन माजावं, टाकून माजू नये. वेळ लागला, खोटं नाही सांगत. बाकीची झोपून उठली तरी ही आपली ताटावर. पण संपवला. गुणाची आहे पोर."

तिसरी वाट उरली नव्हती. आणि त्यांच्या पायांमागून गोगी बाहेर आली.

तिच्या फ्रॉकचा पुढचा भाग ओला होता, धुऊन पिळलेला. मानेवरचे केस चिकटलेले. तिनं माझा हात धरला नाही, पोट धरलं होतं. मी तिला उचलायला गेले तर म्हणाली, "नको, दाबू नको." तिच्या तोंडाला आंबूस वास येत होता आणि त्यावर पावडरीचा. तो पावडरीचा वास सर्वांत घाणेरडा होता. कोणीतरी विचार करून तो वर लावला होता.

मी तिला हळूहळू चालवत घरी आणलं. नवरा लवकर येऊन बसला होता, निकालाची वाट बघत. मी दारातून त्याला रिकामा डबा दाखवला. तो उठून उभा राहिला, आणि तेवढ्यात गोगी चपलांच्या कपाटाजवळ वाकली आणि तिला उलटी झाली. भात, वाटाणे, अंड्याचा पिवळा चुरा. मी सकाळी दाबून भरलेलं सगळं. कितीतरी वेळ येत राहिलं.

मी फडकं आणायला वळले. परत वळून बघते तो गोगी फरशीवर गुडघे टेकून बसली होती आणि दोन्ही हातांनी ते गोळा करत होती. आमच्याकडे बघत. घाईघाईनं.

"खाते," ती म्हणाली. "खाते, खाते." आणि ओंजळ तोंडाकडे नेली.

नवऱ्यानं झेप घेऊन तिचे हात धरले. त्याच्या तोंडून आवाज निघाला, शब्द नव्हता तो. त्याच्या कोपरापर्यंत घाण लागली आणि तो तिला तशीच पोटाशी धरून फरशीवर बसला. ती सुटायची धडपड करत होती, तिला वाटत होतं आता जास्त रागावतील. "खाते ना बाबा," ती म्हणत होती.

आणि मी फडकं हातात घेऊन उभी होते. त्या क्षणी माझ्या मनात सर्वांत आधी काय आलं ते मला माहीत आहे, आणि ते मी कोणालाही सांगितलेलं नाही. रडू नंतर आलं. धावून जाणं त्याहून नंतर. आधी दोनच शब्द आले. सिद्ध झालं.

त्या शब्दांची जेवढी किळस मला आली, तेवढी समोरच्या फरशीची आली नाही. फरशी मी दोन हातांनी पुसली. ते शब्द कशानं पुसायचे? चाचणीत भोक नव्हतं असं मला वाटत होतं. भोक एवढं मोठं होतं की त्यातून माझी लेक पडली. माझं म्हणणं खरं असेल तर काय होईल, याचं उत्तर होतं डबा रिकामा येईल. कोणाच्या पोटात रिकामा होईल, हा प्रश्न मी डोक्यात येऊच दिला नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात. माझ्या हातात कांकण होतं, आंघोळीच्या वेळी तिनं स्वतःच घातलं होतं. तरी मला आरसा हवा होता, आणि तो मी तिच्या घशाचा केला.

नवरा दुसऱ्या दिवशी एकटाच पाळणाघरात गेला. रजा टाकून मी गोगीजवळ थांबले. तो परत आला तेव्हा मला वाटलं होतं तो चिडलेला असेल, काहीतरी मोडून आला असेल. तो नुसता खुर्चीत बसला.

"नाही म्हणाली का?" मी विचारलं.

"नाही म्हणाली असती तर बरं झालं असतं. मी तिला सात प्रश्नांत..." तो थांबला. "तिनं सगळं कबूल केलं. नाक धरते, परत देते, सगळं. तिला त्यात काही वाटतच नाही. चहा करू का म्हणाली."

"आणि?"

"आणि म्हणाली, गेल्या दोन वर्षांत तुम्ही दोघांनी दारात मला काय विचारलंत ते आठवा. खेळली का, विचारलंत? झोपली का, विचारलंत? रोज एकच, 'डबा संपवला का?' म्हणाली, मी तुमच्याच प्रश्नाचं उत्तर तयार करून ठेवत होते, साहेब."

 मला त्या बाईचा इतका तिटकारा आला होता की तिचं एक अक्षरही खरं असू नये असं वाटत होतं. पण बोलणाऱ्याला नावं ठेवून बोलणं खोटं पडत नाही. हा नियम इतका घाणेरडा असू शकतो हे मला माहीत नव्हतं.

ग्रुपवर मी सगळं लिहिलं. काही आडपडदा न ठेवता, फरशीवरच्या ओंजळीसकट.  मग एकीनं लिहिलं, मुलं काहीही सांगतात हो. दुसरीनं लिहिलं, प्रत्येक मूल वेगळं, आमच्याला तर काही त्रास नाही. तिसरीनं कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक टाकला आणि त्यावर सगळ्यांची फुलं सुरू झाली. मी मोबाईल उलटा ठेवला. मीही महिन्यापूर्वी त्यात फुलं टाकली असती. फक्त त्या शेंबड्या मुलाच्या आईचा फोन आला.  म्हणाली, "गरम असतं असं म्हणाली होती ना तुमची?" आणि फोन ठेवला.

गोगी आता पाळणाघरात जात नाही. दुकान मी सोडलं नाही, सध्या अर्धा दिवस जाते. त्या वेळात नवरा तिला घेऊन कामावर जातो आणि ती मोडक्या गाड्यांमध्ये फिरते. शनिवारचा वर्ग त्यानं बंद केलेला नाही. मला आधी राग आला, मग वाटलं, शिकू दे. आम्हाला येत होतं ते फार कमी होतं, एवढाच काय तो दोष.

ती हळूहळू पुन्हा हळू जेवायला लागली. काल दुपारी माझ्यासमोर बसली होती. अर्धं अंडं खाल्लं आणि अर्धं तसंच ठेवलं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.  मी ते अंडं उचलून स्वतः खाल्लं. तिला त्याची गंमत वाटली. मग ती पाय हलवत बसली, नवऱ्यासारखी, काहीतरी मनात जुळवत असल्यासारखी.

"आई," ती म्हणाली, आणि एक बोट वर केलं. "मला एवढं जात नाही, हे तुला माहीत होतं ना?"

"हो गं."

तिनं दुसरं बोट वर केलं. "आणि काकू सगळं संपवायला लावते, हे मी तुला आंघोळीच्या वेळी सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतंस."

दोन्ही बोटं तशीच धरून ती माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. तिला खरंच समजून घ्यायचं होतं.

"मग त्या दिवशी तू डबा एवढा का भरलास?"